टायरच्या वहाणा

लग्नाला पाच आठवडे झाले होते आणि मला नवऱ्याचा चेहरा पाठ नव्हता. टाचा मात्र पाठ होत्या.

यात माझा काही दोष नाही. आमच्यात तेव्हा रीतच तशी होती. नवी नवरी चारचौघांत मान वर करून चालत नसे. नवरा पुढे, बायको दहा पावलं मागे, डोक्यावर पदर आणि नजर त्याच्या पायांवर. घरात सासूबाई, मामंजी, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची तीन मुलं. पुरुषमाणसं पडवीत जेवत आणि पडवीतच झोपत, आम्ही बायका आत. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मुंडावळ्यांच्या आडून एक नाक तेवढं दिसलं होतं आणि ते मला बरं वाटलं होतं. पण त्या नाकाच्या वरती आणि खालती काय आहे ते निवांत बघायला पुढे कुणी सवडच दिली नाही.

आमचं घर कात्रपला. तेव्हा तिथे भाताची खाचरं होती, थोडी घरं होती आणि बदलापूर स्टेशनकडे जाणारी पायवाट होती. हे अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामाला जात. पहाटे निघत, दिवेलागणीला परत येत, अंगाला काड्यांच्या मसाल्याचा वास येत असे. आले की हातपाय धुवायचे, जेवायचं आणि मामंजींशी बी-बियाण्याचं बोलायचं. माझ्या वाट्याला रोजचा एक शब्द येई, "पाणी," आणि तोसुद्धा ते तांब्याकडे बघून म्हणत.

मी माहेरची बडबडी. चामटोलीच्या पलीकडे आमचं गाव, तिथे मी गुरांशीसुद्धा गप्पा मारायची. सासरी येऊन पाच आठवड्यांत माझी जीभ आखडून गेली. नवरा वाईट नव्हता, कुणी मारझोड करत नव्हतं, पोटभर जेवायला मिळत होतं. पण या माणसाला मी हवी आहे की नको, हेच मला कळत नव्हतं, आणि ते न कळता तिथे जन्म काढायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी मनाशी एक ठरवलं. पहिला शिमगा माहेरी करायचा असतो, भाऊ न्यायला येणार होता. तोवर हा माणूस आपणहून, कामाशिवाय, एक तरी वाक्य माझ्याशी बोलला तर परत यायचं. नाही बोलला तर आईजवळ भोकाड पसरायचं आणि सांगायचं, मला नाही नांदायचं. सतरा वर्षांची होते, पण मी एकदा ठरवलं की करते, याची माहेरी सगळ्यांना धास्ती होती.

शिमग्याच्या पंधरा दिवस आधी महाशिवरात्र आली. लेकाची नोकरी पक्की झाली तर अंबरनाथच्या शंकराला नारळ वाढवीन, असा सासूबाईंचा नवस होता. नोकरी पक्की झाली आणि नेमका त्यांचा गुडघा धरला. "तुम्ही दोघंच जाऊन या," त्या म्हणाल्या. जाऊबाईंनी माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला.

सकाळी निघालो. दोन तासांची वाट होती. ते पुढे, मी मागे. त्यांच्या पायांत टायरच्या वहाणा होत्या. लढाई संपल्यावर रिकाम्या पडलेल्या कल्याणजवळच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी लोक राहायला आले होते. उल्हासनगर नाव लागलं तरी आम्ही त्याला कँपच म्हणायचो. लष्कराच्या ट्रकांचे जुने टायर कापून केलेल्या वहाणा तिथल्या बाजारात मिळायच्या. दिसायला ओबडधोबड, पण झिजण्याचं नाव नाही. धुळीत त्यांची नागमोडी नक्षी उमटायची आणि मी अनवाणी तिच्यावर बरोबर पाय ठेवत चालायची. तेवढाच आमचा संसार, असं मनात येई.

त्यांना चालताना एक खोड होती. वाटेतला खडा, काटकी, बाभळीचा काटा, काही दिसलं की पायानं बाजूला उडवायचं. खट्, की खडा गेला बांधावर. कामाचा माणूस, पाय गप्प ठेवता येत नाहीत, असं मला वाटायचं.

दर्शन झालं, नारळ फुटला. देवळाच्या आवारातून बाहेर पडून आम्ही दुकानांच्या गर्दीत शिरलो आणि तिथे मी घात केला. एका पालात हिरव्या बांगड्या लावल्या होत्या, वर पिवळे ठिपके. मी बघितलं. फार नाही, सहा-सात बांगड्या मोजण्याइतका वेळ. परत नजर खाली आणली, पांढरा लेंगा, टायरच्या वहाणा, धुळीनं भरलेल्या टाचा, सगळं जागच्या जागी होतं. मी निघाले मागोमाग.

शेतकऱ्याची मुलगी मी, दिशा मला कळते. दुपार कलली होती. घरी जायचं तर ऊन उजव्या गालावर यायला हवं होतं, ते डाव्या गालावर यायला लागलं. म्हणजे हे मला घरी नेत नव्हते, उलट्या दिशेला, कँपाकडे नेत होते. का नेत असतील? मी विचार केला आणि माझी पावलं भराभर पडायला लागली. त्या बांगड्यांकडे बघताना त्यांनी मला पाहिलं असणार. कँपाचा बाजार मोठा. बांगड्या घेणार, कदाचित चहाही पाजणार, तिथे ओळखीचं कोण असणार, म्हणजे माझ्याशी बोलणारसुद्धा. इतका विचार करतो हा माणूस, आणि मी त्याला सोडायला निघाले होते. मला स्वतःची लाज वाटली. खरं सांगते, त्या वाटेवर मी पहिल्यांदा नवऱ्याच्या प्रेमात पडले.

वाटेत पायात काटा गेला. आज यांनी काटे उडवले नाहीत हे जाणवलं, पण म्हटलं, घाईत आहेत. लंगडत लंगडत चालत राहिले.

वालधुनी नदीच्या काठाकाठानं जाऊन आम्ही बराकींपाशी आलो. लांबच लांब बराकी, मध्ये गोणपाट बांधून केलेली बिऱ्हाडं, बाहेर खाटांवर पापड वाळत टाकलेले. एका दाराशी त्या वहाणा थांबल्या आणि पायांतून निघाल्या. आतून एक बाई बाहेर आली, हात पिठाचे, सलवार-कमीज घातलेली, साधारण माझ्या आईच्या वयाची. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे.

"हीअ केर आहे?" ती म्हणाली. ही कोण, असं विचारते आहे, एवढं सिंधी मला न शिकता कळलं.

पुढचा माणूस वळला. मी मान वर केली. डोळ्यांना चष्मा, मिशा पिकलेल्या, खांद्यावर रिकामी पाटी. कंगवे, फिती आणि आरसे विकायला तो जत्रेला गेला होता आणि माल संपवून घरी आला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. त्याच्या चेहऱ्यावरही माझ्याइतकीच भीती होती.

मी रडायला लागले. उपवासाचा दिवस, परकं गाव, परका पुरुष, पायात काटा. घरी काय सांगायचं? सून जत्रेत हरवली म्हणून नाही, दुसऱ्याच्या मागे गेली म्हणून बोभाटा झाला असता. शिमग्यापर्यंत थांबायची गरजच उरली नसती, त्यांनीच मला पोचती केली असती.

त्या बाईनं मला खाटेवर बसवलं. त्यांच्याकडे आल्यागेल्याला पाण्याबरोबर भाजलेला पापड देतात. तिनं दिला आणि मी रडत रडत खाल्ला. उपवास आहे हे पापड संपल्यावर आठवलं. सासूबाईंना मी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"तेरा आदमी कैसा दिखता है?" तिनं विचारलं आणि स्वतःच्या नवऱ्याकडे बोट केलं. "साईं जाके ढूँढ लाएगा."

मी सांगायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. मग म्हटलं, "पांढरा लेंगा. टायरच्या वहाणा."

"वो तो सबके पास है. मुँह कैसा है?"

"नाक बरं आहे," मी म्हणाले.

ती बाई हसायला लागली. इतकी हसली की तिला खाटेवर बसावं लागलं, आणि तिच्या हाताचं पीठ माझ्या पाठीला लागलं. तिचा नवरा दारात उभा राहून गंभीरपणे चष्मा पुसत होता. हसणं आवरल्यावर ती मला सांगायला लागली. देश सोडताना कराचीच्या बंदरात तिचा नवरा गर्दीत असाच नाहीसा झाला होता. सगळीकडे बोचकी, रडारड आणि माणसंच माणसं. ती एका पेटीवर बसून राहिली होती. कधीतरी लांबून एक शिंक आली, मग दुसरी, मग तिसरी. हे गृहस्थ शिंकले की मोजून पाच शिंका देतात. ती पाचव्या शिंकेपर्यंत त्याच्या शेजारी पोचली होती. "घर गया, दुकान गया," ती म्हणाली, "छींक साथ आई."

मग तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि सुईनं काटा काढायला लागली. "आदमी के पीछे चलती थी, फिर काँटा कैसे लगा?"

"त्यांच्या मागून जाते तेव्हा नाही लागत," मी मराठीतच म्हणाले. तिला मराठी बरंच समजत होतं. "ते चालताना काटे पायानं उडवतात. खोड आहे त्यांना."

ती सुई हातात धरून थांबली. नवऱ्याकडे बघून सिंधीत काहीतरी बोलली. तोही हसला. मग मला म्हणाली, "ये खोड शादी के पहले भी थी?"

मला काय माहीत? पण काटा निघाला त्या जागेवर तिनं हळद दाबली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांच्या पायांत वहाणा होत्या. ट्रकच्या टायरच्या. बाभळीच्या काट्यानं त्यांचं काय वाकडं होणार होतं? अनवाणी मी होते. प्रेम म्हणजे माणसानं आपल्याकडे वळून बघणं, चार शब्द बोलणं, असं मी धरून चालले होते, आणि ते मिळत नाही म्हणून पाच आठवडे फुगून बसले होते. आणि इकडे पाच आठवडे त्यांच्या मागून चालताना माझ्या पायात एक काटा गेला नव्हता. मला एकदम फार बरं वाटलं आणि त्याच वेळी फार भीती वाटली, कारण तो माणूस आता मला सापडायला हवा होता.

दोघंही माझ्याबरोबर परत निघाले. बाईनं हात धुतले, ओढणी घेतली आणि नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरून चालायला लागली. भररस्त्यात, सगळ्यांसमोर. त्या बंदरापासून तिची ती सवय होती म्हणे. देवळाशी पोचल्यावर तिनं मला नंदीजवळ बसवलं. देवळात येणारा-जाणारा जो तो तिथूनच जात होता. मी सवयीनं खाली बघायला लागले. टायरच्या वहाणा, टायरच्या वहाणा, पुन्हा टायरच्या वहाणा, अर्धा तालुका त्याच घालून आला होता.

बाईनं माझ्या हनुवटीला हात लावून माझी मान वर केली. "पैर मत देख. मुँह देख."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी परक्या पुरुषांची तोंडं बघितली. किती निरनिराळी तोंडं असतात. लाज वाटली, आणि मजाही वाटली. बराच वेळ गेला. मग गर्दीतून एक घामाघूम माणूस येताना दिसला, टोपी हातात चुरगाळलेली, नाक बरं. त्याच्या मागे एक म्हातारी अखंड बोलत येत होती. हाच असावा असं वाटलं, पण खात्री होईना. तेवढ्यात वाटेत नारळाची फुटकी करवंटी आली. त्यानं ती पायानं उडवली. खट्. म्हातारी अनवाणी होती.

"हेच ते," मी म्हणाले आणि उठून उभी राहिले. त्या म्हातारीसाठीही करवंटी उडवली याचा मला थोडा रागच आला, हेही सांगून टाकते.

त्यांनी मला बघितलं आणि होते तिथेच थांबले. डावी भुवई मध्येच तुटलेली होती, डोळे पिंगट होते. मी सगळं बघून घेतलं. ते काही बोलायच्या आत म्हातारीच पुढे आली. ती पालेगावची होती.

"तूच का गो ती?" ती म्हणाली. "मंग ते समदं तुज्यासाठी व्हतं तर. ऐक, मी आपली वाटनं चालले, फुडं ह्यो. मान न वळवता मना म्हनतो, थकलीस का? मी म्हनलं, नाय रं. तं म्हनतो, फुडं उसाचा रस घेऊ. मी म्हनलं, घेऊ की."

माझा आवाज तरी त्यांना कुठे पाठ होता? मी त्यांच्याकडे बघितलं. ते नंदीकडे बघत होते.

"मंग जरा गप बसला," म्हातारी मोठ्यानं सांगत होती, आजूबाजूची माणसं थांबून ऐकायला लागली होती. "आनि म्हनतो, शिमग्याला म्हायेरी जाशील तं पंधरा दिस राहू नको. मना करमनार नाय. मी म्हनलं, पोरा, माजी आय मरून वीस वरसं झाली, मी कशाला जाते म्हायेरी? तवा वळला."

सिंधी बाईला कुणीतरी त्या बोलीचा अर्थ सांगितला आणि तिला पुन्हा बसावं लागलं.

"आणि रस?" मी विचारलं.

"प्याले ना. कबूल केला व्हता त्यानं," म्हातारी म्हणाली.

निरोप घेऊन आम्ही निघालो. ते पुढे, मी मागे. आता ऊन उजव्या गालावर होतं. गाव मागे पडलं, वाटेवर कुणी नव्हतं, तेव्हा मी मागूनच विचारलं, "वळून का नाही बघितलंत?"

मग ते म्हणाले, "जोडव्यांचा आवाज येत होता मागून."

"नेहमी ऐकता?"

वाटेपासून दोन हात लांब एक खडा पडला होता, माझ्या पायाखाली तो कधीच आला नसता. ते वाट सोडून तिथपर्यंत गेले आणि तो उडवून आले.

मी हट्टी होते. जोडव्यांचं बोलले ते मी विचारलं म्हणून, ते मी धरलं नाही. शिमग्याचं वाक्य बोलले होते, पण ते पालेगावच्या म्हातारीला. मला ते माझ्या कानानं ऐकायचं होतं. पुढचे पंधरा दिवस मी वाट बघितली. तांब्या पुढे करताना मुद्दाम थांबायची. "पाणी," ते म्हणायचे. फार तर जाताजाता एकदा म्हणाले, "तुझा भाऊ कधी येणार?" मी सांगितलं, परवा. "बरं," म्हणाले. एवढ्यावर परत यायचं की नाही, ते मला ठरवता येईना.

भाऊ आला. सासूबाईंनी ओटी भरली, पंधरा दिवस राहून ये म्हणाल्या. हे कामावर गेले होते. मी बोचकं घेतलं आणि भावाच्या मागून निघाले. माझा भाऊ माझ्यावर जीव टाकणारा. बोचकं त्यानं घेतलं, वाटभर मला हसवलं, चार वेळा मागे वळून बघितलं. चामटोलीच्या अलीकडे माझ्या पायात काटा मोडला. मी बांधावर बसून तो काढला. थोडं पुढे गेल्यावर दुसरा मोडला. भाऊ म्हणाला, "सासरी जाऊन नाजूक झालीस की काय?" मला एकदम कात्रपची आठवण येऊन रडू फुटायच्या बेताला आलं होतं.

होळी झाली, धुळवड झाली. पाचव्या दिवशी मी आईला म्हटलं, मला पोचवा. आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

संध्याकाळी भावाबरोबर अंगणात पाऊल टाकलं. सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. मामंजी खाटेवर होते. हे पडवीत पाठमोरे बसून वहाणेचा खिळा ठोकत होते. माझी जोडवी वाजली आणि त्यांची हातोडी वरच्या वर थांबली.

"अगं, दहा दिवस आधी कशी आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "भांडून आलीस की काय?"

"नाही, आत्याबाई," मी म्हणाले. डोक्यावरचा पदर सारखा केला, पण मान खाली घातली नाही. "मला करमलं नाही."

हातोडी खाली आली ती सरळ अंगठ्यावर. तो अंगठा आठ दिवस काळानिळा होता, आणि कुणी विचारलं की ते सांगायचे, खिळा वाकडा होता.